वाणातली नळी

आमच्या घरात पाण्याचा फिल्टर आला तो एका खड्यामुळे. खडा माझ्या नवऱ्याच्या डाव्या मूत्रपिंडात होता. यांनी आयुष्यभर बस चालवली, त्यातली बरीच वर्षं धारूरच्या घाटातून. वाटेत गाडी थांबवायला लागू नये म्हणून ड्युटीवर असताना पाणीच प्यायचं नाही, असा एक नेम यांनी स्वतःच्या मनानं धरला होता. गाडी रोज वेळेवर पोचली आणि खडाही यथावकाश तयार झाला. निवृत्तीला वर्ष होतंय न होतंय तोच कार्तिकातल्या एका दुपारी हे कमरेला हात लावून ओसरीवर गडबडा लोळायला लागले. मी यांना घरात ड्रायव्हर म्हणते. हे मला हेडबाई म्हणतात, कारण मी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. दोघंही निवृत्त झालो, पण हुद्दे तेवढे घरी घेऊन आलो.

परळीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. खडा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. रोज साडेतीन लिटर पाणी प्यायचं, तेही चांगलं, म्हणजे तो आपोआप पडून जाईल. चार महिन्यांनी परत दाखवायचं. तोवर पडला नाही तर ऑपरेशन. यांना साखरेचा आजार आहे, त्यामुळं ऑपरेशन म्हटलं की भूल, जखम, सगळंच अवघड, हेही त्यांनी सांगून ठेवलं. भरलेली बस घाटातून उतरवताना ज्यांच्या कपाळावर घाम आला नाही, ते ड्रायव्हर हे ऐकून खुर्चीच्या दांड्या धरून बसले. मीही घाबरले होते. पण घाबरले की मी सूचना द्यायला लागते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी यांच्या पाण्याचं वेळापत्रक केलं होतं.

आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि दारातल्या बोअरचं पाणी असं आहे की त्यात डाळ शिजत नाही. म्हणून आरओचा फिल्टर घेतला. नळाचं पाणी हौदात साठवायचं, हौदातून रोज बादलीनं मोरीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या निळ्या पिंपात चढवायचं आणि पिंपातून ते फिल्टरला जाणार, अशी सोय केली. दुकानातला माणूस फिल्टर भिंतीला लावून गेला. जाताना त्यानं एक पांढरी बारीक नळी मोरीत सोडली आणि म्हणाला, "हे वेस्टेज. एक ग्लास चांगलं पानी निघालं की दोन-तीन ग्लास हिच्यातून जातंय."

मी मोरीपाशी उभी राहून ते जाणारं पाणी बघत राहिले. माझं माहेर आष्टीकडचं. तिथं आम्ही पाणी एकदा वापरलं आणि सोडून दिलं, असं कधी झालं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं शेवग्याला, आणि आंघोळ करायची ती घमेल्यात बसून, म्हणजे ते पाणी पुन्हा ओसरी धुवायला. पाहुणा हात धुवायला उठला की मी परात घेऊन त्याच्यामागं धावायचे. अशा मुलीच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, दिवसभर स्वच्छ दिसणारं पाणी गटारात चाललेलं. नवऱ्याला खडा झाल्याचं दुःख होतंच, त्यात हे एक नवीन.

पहिले काही दिवस मी नळीखाली बादली लावली. त्या पाण्यानं भांडी घासली, फरशी पुसली, संडासात टाकलं, तरी पाणी उरायचंच. दोन माणसांच्या घरात फरशी तरी किती वेळा पुसणार. मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, पूजा मांडता मांडता, मला ती युक्ती सुचली. बाजारातून लांब नळी आणली, फिल्टरला जोडली, भिंतीवरून वर नेली आणि तिचं तोंड माळ्यावरच्या त्याच निळ्या पिंपात सोडलं. फिल्टरनं नाकारलेलं पाणी परत पिंपात, पिंपातून परत फिल्टरमध्ये. शाळेत मी नापास मुलाला कधी घरी हाकलून दिलं नव्हतं. पुन्हा वर्गात बसवलं आणि पुन्हा शिकवलं. पाण्याला वेगळा न्याय कशाला?

आणि फरक लगेच दिसला. आधी पिंप रोज निम्मं रिकामं व्हायचं, आता आम्ही दोघं जेवढं पिऊ तेवढंच कमी व्हायचं. तेवढं मी सकाळी वरून भरायचे. एक थेंब वाया नाही. माझ्यावर मीच इतकी खूश झाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला मोरीत नेऊन माळा दाखवायला लागले. ड्रायव्हरांनी मान वर करून त्या नळीकडं बराच वेळ पाहिलं आणि "हं" म्हणाले. यांचं "हं" म्हणजे होकार, असा माझा लग्नापासूनचा समज.

मग संक्रांत आली. आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला बायका कंगवे, चाळण्या, प्लास्टिकचे डबे असं वाण वाटतात. मला उपयोगाचंच वाण द्यायची खोड आहे. एका वर्षी मी थर्मामीटर दिले होते. एका वर्षी शिट्ट्या दिल्या, रात्री-अपरात्री चोर आला तर वाजवायला, आणि पुढचे पंधरा दिवस गल्लीतल्या नातवंडांनी कुणाला झोपू दिलं नाही. यंदा मी नळी दिली. ज्यांच्या घरी फिल्टर होता अशा अकरा जणींना प्रत्येकी तीन हात पांढरी नळी, वेटोळं करून, लाल दोऱ्यानं बांधून, वर तिळाची वडी. नुसती देऊन थांबले असते तरी चाललं असतं. मी सगळ्यांना मोरीत उभं केलं आणि पाणी वाचवण्यावर भाषण केलं. बायकांना आणखी चार घरी जायचं होतं. काठापदराच्या साड्यांत, ओल्या मोरीत, त्या अर्धा तास उभ्या राहिल्या, आणि शेवटी एकीनं टाळ्या वाजवल्या म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. मी तो आपला सत्कारच समजले.

महाशिवरात्रीच्या सुमाराला फिल्टर मंदावला. मला पहिल्यांदा कळलं ते पाढ्यांवरून. ग्लास भरेपर्यंत नळापाशी रिकामं उभं राहायचं तर तोंडाला काहीतरी काम हवं, म्हणून मी पाढे म्हणायचे. सुरुवातीला बारापासून धरलं की सोळाच्या पाढ्याला ग्लास भरायचा. मग तो विसापर्यंत गेला, मग पंचविसापर्यंत. एक दिवस तिसाचा पाढा संपला तरी ग्लास अर्धाच, आणि मला पावकी-निमकी काढावी लागली. एकोणतिसाच्या पाढ्यात मी दोनदा अडखळले. शाळेत असा अडखळणारा मुलगा मी दाराबाहेर उभा केला असता.

आता मी विज्ञान शिकवलेली बाई. घरात बिघाड झाला की लगेच मिस्त्री बोलावणं मला कमीपणाचं वाटतं. मी वही काढली, वर तारीख टाकली आणि कारणं शोधायला लागले.

पहिला संशय लाइटवर. दाब कमी असेल म्हणून पंप जोर धरत नसेल, असं मला वाटलं. शेजारून तपासायचा दिवा आणला, मिक्सर लावून बघितला, पंखा बघितला. सगळं नीट फिरत होतं. मग मी फिल्टरच्या बाहेरची पांढरी बाटली उघडली, जिच्यात गाळ अडवणारी कँडल असते. उघडायच्या आधी पाणी बंद करायचं असतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते केलं नाही. डोक्यावरून आंघोळ झाली. कँडल चहाच्या रंगाची झाली होती. ती मी जुन्या टूथब्रशनं घासली, उन्हात वाळवली, परत लावली. फरक शून्य. नवीन कँडल आणली, फरक शून्य. मग मला आठवलं की उंची वाढली की पाण्याचा दाब वाढतो, जे मी कितीतरी वर्षं फळ्यावर बाटलीचं चित्र काढून शिकवलं होतं. माळ्यावर चढून मी पिंपाखाली दोन विटा घातल्या. पिंप रिकामं करून घालायच्या, हे भरलेलं पिंप कलवताना सुचलं. विटा बसल्या, माझी कंबर मोडली, ग्लास तिसाच्या पाढ्यावरच राहिला.

नळ्या कुठं मुडपल्या आहेत का, ते बोट फिरवून बघितलं. एका नळीत तोंडानं फुंकरही मारली. शेवटी फिल्टरला शिव्या दिल्या, ज्या मला येतात हे गल्लीला माहीत नाही. पिंपात परत जाणारी ती नळी मात्र मी रोज ओल्या फडक्यानं पुसत होते. घरात ती एकच गोष्ट नीट चालली आहे, अशी माझी खात्री होती.

इकडं ड्रायव्हरांचं पाणी मागं पडायला लागलं. दिवसाला तीन तांबे ठरले होते, संध्याकाळपर्यंत दोनही पुरे होईनात. मी माझ्यासाठी बोअरचं उकळून प्यायला लागले आणि फिल्टरचा थेंब न् थेंब यांच्यासाठी ठेवला. आणि हे काय करायचे, तर अर्धा तांब्या पिऊन उरलेला झाकून ठेवायचे. मी चिडायचे. मी इथं पावकी-निमकी म्हणत नळापाशी ताटकळते आणि यांना पिता येत नाही?

हे मला तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा मला नीट आठवतात. पहिल्यांदा जेवताना. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "पानी जरा खारट लागतंय." मी म्हटलं, साखरेच्या गोळ्यांनी तोंडाची चव जाते. दुसऱ्यांदा बाजारातून आल्यावर. मी म्हटलं, घाम गळून आल्यावर सगळंच खारट लागतं. तिसऱ्यांदा यांचा जुना कंडक्टर भेटायला आला होता. त्यानं ग्लासातला एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला. हे माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ, मी म्हनत न्हवतो?" मी दोघांनाही समजावलं की शुद्ध पाण्याला चव नसते, आणि जन्मभर अशुद्ध पाणी प्यायलेल्या माणसाला ते वेगळं लागणारच. मग मी त्याच पाण्याचा चहा केला. कंडक्टर सुटे पैसे मोजणारा माणूस, शब्द मोजून बोलला. म्हणाला, "लई कडक झालाय," आणि अर्धा कप ठेवून निघून गेला.

त्यानंतर चार दिवसांनी यांच्या कमरेत परत कळ आली. पहिल्यापेक्षा मोठी. हे ओसरीवर उताणे, कुशीवर, पालथे, कसेही झाले तरी चैन नाही, आणि ओठ दाताखाली दाबलेले. मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत बसले. स्वयंपाकघरातून फिल्टरचा आवाज येत होता, टप, टप, मध्ये बराच वेळ काही नाही, परत टप. मला इतकी भीती वाटली की सूचनाही सुचेनात, आणि मी ती भीती रागात घालवली. राग फिल्टरवर. कळ थांबल्यावर मी मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्रींचं बाजारात जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे. मुसलमान माणूस, वयानं आमच्या बरोबरीचे, आणि ड्रायव्हरांचे जुने दोस्त. यांच्या गाडीनं त्यांनी सासुरवाडीच्या इतक्या खेपा केल्या होत्या की गाडी त्यांच्या दारात थांबायची. आल्या आल्या त्यांनी यांना विचारलं, "कावून बे, इतके दिस बोलावलं न्हाई?"

"घरात हेडबाई हाय. मिस्त्री कशाला लागतोय?" हे म्हणाले.

मी वही उघडून मिस्त्रींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. लाइट, कँडल, विटा, पाढे. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. "लई अभ्यास केलाय बाई तुमी," ते म्हणाले. मग त्यांनी फिल्टरच्या खालची नळी दोन बोटांत धरली. "आन ही कुठं गेली?"

मी कौतुकानं वर बोट दाखवलं. मिस्त्रींची बोटं नळीवरून सरकत भिंतीवर गेली, ते स्टुलावर चढले आणि माळ्यावर डोकावले. मग खाली उतरून खिशातून पाण्यातले क्षार मोजायचं, पेनासारखं एक यंत्र काढलं. ते आधी हौदातल्या पाण्यात बुडवलं, आकडा चारशेच्या घरात आला. मग परत स्टुलावर चढून पिंपात बुडवलं. आकडा अडीच हजाराच्या पुढं. त्यांनी यंत्र झटकून परत बुडवलं, आकडा तोच.

"बाई, एक इचारू?" ते स्टुलावरूनच म्हणाले. "आमटीत मीठ घातलं, आन आमटी आटवत ठिवली. पानी गेलं, मीठ कुठं जातंय?"

मी तिथंच खाली बसले. हा प्रश्न चौथीच्या वर्गाला मीच विचारायचे. शाळेच्या पायरीवर ताटलीत मिठाचं पाणी ठेवायचे, दोन दिवसांनी मुलांना बोलवायचे आणि विचारायचे, सांगा, पाणी गेलं कुठं आणि राहिलं काय. मुलं ताटलीला बोट लावून चाटायची आणि एका सुरात ओरडायची. घरात मात्र दोन-अडीच महिने तीच ताटली माझ्या डोक्यावर माळ्यात ठेवलेली होती. चांगलं पाणी आम्ही पीत होतो आणि मागं राहिलेलं मीठ, चुना, सगळं पिंपात साठत होतं. वरून मी रोज नवं पाणी ओतत होते, म्हणजे नवं मीठ. नापास मुलाला परत वर्गात बसवत गेले आणि आता वर्गात नापासच उरले होते.

मिस्त्रींनी फिल्टर खोलून आतलं मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, काढलं. बंबाच्या आत धरते तशी पांढरी खरपुडी त्याच्यावर धरली होती. "हिच्यातून पानी कसं निगंल? आन निगलं ते बी खारटच," ते म्हणाले. नवीन मेंब्रेन बसवलं, पिंप धुतलं, नळी काढून मोरीत सोडली. ग्लास तेराच्या पाढ्यालाच भरला. मी खाली मान घालून म्हटलं, हे कुणाला सांगू नका.

"मी कशाला सांगू? पन दोन घरी मेंब्रेन बदलायला गेलतो, तिथं बी अशीच नळी, पिंपात सोडलेली. कुनी दिली म्हनून इचारलं तर कुनी सांगंना." ते हत्यारं पिशवीत भरत होते. "आज कळलं."

मिस्त्री गेल्यावर मी ठरवलं की गप्प बसायचं. ज्यांची यंत्रं बिघडतील त्या मिस्त्रींना बोलावतील, मिस्त्री नळी काढतील, प्रकरण आपोआप मिटेल. मुख्याध्यापिकेच्या नोकरीत मी हे एक शिकले होते.

दहा दिवसांनी परळीला गेलो. ते दहा दिवस ड्रायव्हर चार-चार तांबे पाणी पीत होते, पण आधीचे दोन महिने कुठून भरून काढणार? डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि कागद टेबलावर ठेवला. खडा जागचा हलला नव्हता. उलट थोडा वाढला होता. "मी साडेतीन लिटर सांगितलं होतं. प्यायलात का?"

सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "न्हाई प्यालो डॉक्टर. कट्टाळा केला. माझीच चूक हाय."

मग डॉक्टरांनी यांना झापलं. वयानं मुलासारखा माणूस. शिकलेल्या बायका नवऱ्याची काळजी करून करून थकतात आणि तुम्हाला साधं पाणी पिता येत नाही, असंही म्हणाले. हे शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून बसले होते. मी, जिच्या आवाजावर तीन वर्ग एकदम गप्प व्हायचे, तोंडातून एक शब्द काढला नाही. डॉक्टरांनी शेवटची एक महिन्याची मुदत दिली. एक गाळणीही घ्यायला सांगितली, लघवी गाळून बघायला, म्हणजे खडा पडला तर कळेल.

परतीच्या बसमध्ये हे नेहमीसारखे ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणावर पाय दाबत होते, ब्रेक आपल्याच पायाखाली असल्यासारखा. घाट लागल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुला बोलनी खायाची सवय न्हाई," हे म्हणाले. "मला हाय."

मला रडू आलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि धूळ फार आहे म्हणाले. खिडकी बंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातळ बदललं आणि पिशवी घेऊन निघाले. अकरा घरं. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगायचं: मी दिलेली नळी चुकीची होती, ती पिंपात सोडली की पाणी खारट होतं आणि फिल्टर बसतो, आमचा बसला, मला हे कळायला हवं होतं, कळलं नाही, नळी परत द्या. पहिल्या घरी हे मी दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. भाषण मोरीत अर्धा तास केलं होतं, कबुली दोन मिनिटांत संपली.

अकरांपैकी सहा जणींनी नळी लावलीच नव्हती. एकीनं त्या नळीवर न्हाणीघराचा पडदा अडकवला होता. एकीच्या नळीनं कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी जात होतं, आणि तो वाफा इतका छान आला होता की नळी परत मागायला मला जिवावर आलं. माझ्या भाषणाचा एवढा प्रभाव. तरी पाच जणींनी लावली होती, त्यातल्या दोघींच्या घरी मिस्त्री येऊन गेलेले. आणि सगळ्यांची एक अडचण होती. "वाण कुनी परत देतं का वो बाई? सवाष्णीचं वाण," असं म्हणून प्रत्येक जण मला पाटावर बसवायची, कुंकू लावायची, ओटीत काहीतरी घालायची आणि मगच नळी द्यायची. गुन्हा कबूल करायला निघालेल्या बाईची अकरा वेळा ओटी भरली. पिशवीत नळ्या कमी आणि नारळ, तांदूळ, गुळाचे खडे जास्त झाले.

शेवटचं घर कोपऱ्यावरचं. तिथल्या सासूबाई माझ्यापेक्षा मोठ्या, बाजेवर बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचं बी पानी खारट लागत हुतं की. मी सुनंला म्हनलं बी."

"मग मला सांगायचं ना," मी म्हटलं.

"तुमाला?" त्या म्हणाल्या. "बाईंनी सांगितलंय म्हनल्यावर कोन बोलनार?"

त्या कुजकं बोलल्या नव्हत्या. जे होतं ते सांगितलं होतं. मी नळी पिशवीत टाकली आणि घरी आले. त्या अकरा नळ्या अजून माझ्याकडं आहेत, दोरीनं बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत. फिल्टरचं नाकारलेलं पाणी आता बादलीत पडतं, भांड्यांना, फरशीला जातं, आणि तरी उरलं तर मोरीतून जातं. मी त्याच्याकडं पाठ करून उभी राहते.

महिना संपायला पाच-सहा दिवस उरले होते. ऑपरेशनसाठी कुणाला सोबत न्यायचं, साखर आधी किती दिवस तपासायची, हे मी वहीत लिहायला लागले होते. सकाळची वेळ, मी अंगणात तांदूळ निवडत होते. मागच्या बाजूनं हाक आली, "हेडबाई." आवाज वेगळा होता. मी सूप तसंच टाकून धावले. हे परसात गाळणी धरून उभे. गाळणीत एक तांबूस, काटेरी कण होता. एवढासा. इतक्या लहान वस्तूनं आम्हा दोघांना पाच महिने ओसरीवर लोळवलं होतं. आम्ही दोघंही वाकून, डोक्याला डोकं लावून त्याच्याकडं बघत राहिलो. मला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते, आणि यावेळी मी धुळीचं नाव घेतलं नाही.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही मला तीनदा सांगितलंत, पाणी खारट लागतंय म्हणून. मी एकदाही ऐकलं नाही."

यांनी गाळणी उन्हात जरा तिरकी करून खडा नीट बघितला.

"तीनदा न्हाई," हे म्हणाले. "रोज सांगत हुतो."

रागानं म्हणाले नाहीत. खडा कागदाच्या पुडीत बांधला, ती माझ्या हातात दिली आणि हात धुवायला गेले. मी पुडी धरून तिथंच उभी राहिले आणि यांनी आजवर मला रोज आणखी काय काय सांगितलं असेल, ते आठवायला लागले. एकही गोष्ट आठवली नाही.